शपथेतून सूट

प्रयोगशाळेत काम करणाऱ्या त्या बाईला सगळी शाळा लेबलमावशी म्हणायची. पगारपत्रकात ती ‘प्रयोगशाळा परिचर’ होती, पण पगारपत्रक वाचतो कोण? बिनलेबलाची बाटली दिसली की ती कुणालाही न विचारता, नळ सोडून, मोरीत ओतून मोकळी व्हायची. एकदा एका नव्या सरांनी मेहनतीने बनवलेलं द्रावण असंच गेलं. सर चिडले, “अहो, नुसतं मीठपाणी होतं ते.” मावशी म्हणाली, “असेल. बाटलीला ठाऊक होतं, मला नव्हतं.” सरांनी पुन्हा जन्मात बिनलेबलाची बाटली ठेवली नाही.

सव्वीस वर्षं ती त्या खोलीत होती. लांबलचक खोली, सहा ओटे, प्रत्येक ओट्यावर दोन नळ आणि त्यातला एक कायम ठिबकणारा. शिक्षक येत, बदलून जात. कुठल्या कपाटाचं दार उचलून लावायचं आणि कुठली ब्युरेट गळते हे फक्त मावशीला माहीत. तिच्या ॲप्रनला आम्लाने इतकी भोकं पाडली होती की पोरं म्हणत, मावशींचा ॲप्रन म्हणजे चाळणी. ती म्हणायची, “चाळणीतून गाळ खाली पडत नाही रे, तुझ्यासारखा वरच राहतो.”

आणि मावशी देव मानत नसे. आता हे ऐकलं की लोक लगेच कारण हुडकायला लागतात. नवरा लवकर गेला म्हणून देवावर रुसली असेल. मूलबाळ नाही, म्हणून असेल. तसलं काही नव्हतं हो. लहानपणी प्रार्थनेला डोळे मिटले की शेजारच्या पोरींना काय काय दिसायचं, हिला नुसता काळोख दिसायचा. आईला सांगितलं तर आई म्हणाली, दिसेल हळूहळू. पुष्कळ वर्षं वाट बघितली, नाही दिसलं. भांडण नाही, तंटा नाही. ज्याची ओळखच झाली नाही त्याच्यावर रुसायचं तरी कसं?

शाळा सरकारी होती. सगळ्या जातीधर्मांची पोरं, कराचा पैसा सगळ्यांचा, पण सकाळची शपथ एकच. घंटा झाली की मैदानात उभं राहायचं, उजवा हात छातीवर ठेवायचा आणि म्हणायचं, ‘मी ईश्वराला स्मरून शपथ घेतो की मी सदैव सत्य बोलेन.’ मुलांनी म्हणायची, शिक्षकांनी म्हणायची, शिपायांनीही म्हणायची. पंधरा वर्षं मावशीने मागच्या रांगेत उभं राहून नुसते ओठ हलवले. मग एका सकाळी तिच्या लक्षात आलं, की आपण रोज उठून सत्य बोलण्याची खोटी शपथ घेतोय. त्या दिवसापासून ओठ हलेनात.

झालं. मेमो आला, दुसरा आला, तिसरा आला. स्टाफरूममध्ये चहा यायचा तो तिच्यासमोरून पुढे जायचा. ड्रिलमास्तर तर तोंडावर म्हणाले, “मावशी, दोन ओळींनी तुमची जीभ झिजणार आहे का?” शपथ माफ व्हावी म्हणून ती तीन वर्षं अर्ज करत राहिली. शेवटचा अर्ज तिने स्वतःच्या शब्दांत, स्टॉक रजिस्टरमधल्या ठसठशीत अक्षरात लिहिला. ‘बाटलीत जे नाही त्याचं लेबल मी तिच्यावर लावत नाही. माझ्या आत देव नाही. मी देवाची शपथ घेऊन काही बोलले, तर ते बोलणं खोटं ठरेल. खोटी शपथ घेणाऱ्या बाईच्या हाती आम्लाच्या कपाटाची किल्ली द्यावी का, हे आपणच ठरवावं.’ वरच्या ऑफिसात कुणाला तरी ते पटलं असावं. दोन महिन्यांनी उत्तर आलं, ‘सदर परिचर यांस शपथेतून सूट देण्यात येत आहे.’

शाळेच्या इतिहासात तसा कागद कुणाला मिळाला नव्हता. त्यानंतरची आठ वर्षं सकाळी मैदानात शपथ चाले, तेव्हा मावशी एकटी प्रयोगशाळेत परीक्षानळ्या मांडत असे. तिला त्या कागदाचा फार अभिमान होता. होता तर होता. आयुष्यात माणसाने एखादी तरी गोष्ट भांडून मिळवलेली असावी.

ठमी तिच्या आयुष्यात आली ती शाळेच्या शेवटच्या वर्गात शिकताना. टेलरची मुलगी. ठमी हे नाव मावशीनेच ठेवलेलं, कारण पोरगी एकदा ओट्यापाशी ठाम उभी राहिली की हलवून हलायची नाही. प्रयोग सुरू करण्याआधी ती ब्युरेटला हात लावून डोळे मिटायची आणि काहीतरी पुटपुटायची. मावशी म्हणायची, “ब्युरेट देव भरत नाही गं, तू भरतेस.” ठमी हसून म्हणायची, “मी भरते मावशी, पण हात थरथरू नये एवढं तो बघतो.” आणि खरंच, अख्ख्या वर्गाचे आकडे चुकायचे आणि ठमीचे बरोबर यायचे. बारीकसा थेंब सोडून द्रावणाला फिकट गुलाबी रंग आला की दोघी एकमेकींकडे बघून मान हलवायच्या. एक देवाला धरून चालणारी, एक त्याला सोडून. पण दोघींना काटेकोरपणा एकाच जातीचा लागायचा.

वार्षिक परीक्षेला दोन महिने उरले होते तेव्हा तो अपघात झाला.

त्या दिवशी दोन तुकड्या एकत्र केल्या होत्या आणि रसायनाचे सर घाईत होते. भिंतीवर मावशीनेच लाल रंगात मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं होतं, ‘पाण्यात आम्ल. आम्लात पाणी कधीही नाही.’ तीव्र आम्लात पाणी ओतलं की ते उसळतं, बाहेर उडतं, हे शेंबडं पोर सांगेल. पण सरांनी आधी आम्ल मोजून बीकरमध्ये घेतलं होतं, आणि मागे कुणीतरी हाक मारली म्हणून तिकडे बघत बघत त्यांनी जगमधलं पाणी त्यातच ओतलं. ठमी समोर काचेची कांडी घेऊन उभी होती. ती “सर, उलटं...” एवढंच म्हणाली. शेजारी वहीवर वाकून लिहीत बसलेल्या मुलीच्या तोंडावर ते उडालं.

मावशी तीन पावलांवर, कपाटापाशी होती. तिने सगळं पाहिलं. त्या मुलीला मानेला धरून तिने नळाखाली नेलं आणि वीस मिनिटं डोळ्यांवरून पाण्याची धार हलू दिली नाही. डॉक्टर म्हणाले, त्यामुळे उजवा डोळा वाचला. डावा गेला.

बाकीचा वर्ग खोलीच्या दुसऱ्या टोकाला, भिंतीकडे तोंड करून तराजूच्या रांगेत उभा होता. वहीत डोकं घातलेल्या त्या मुलीला काही दिसलं नव्हतं. म्हणजे पाण्याचा जग कुणाच्या हातात होता हे तिघांनीच पाहिलं, सरांनी, ठमीने आणि मावशीने. आणि संध्याकाळी सरांनी लिहून दिलं, ‘माझी पाठ असताना टेलरच्या मुलीने सूचना न पाळता आम्लात पाणी ओतले.’

माणूस वाईट नव्हता. घाबरला होता. पण घाबरलेला माणूस कधीकधी वाईट माणसाच्याही पलीकडे जातो.

ठमीला शाळेत यायची बंदी झाली आणि तीन जणांची चौकशी समिती बसली. दोष सिद्ध झाला तर नाव कापणार आणि दाखल्यावर लाल शेरा मारणार. लाल शेऱ्याच्या मुलीला पुढे कुठलीही शाळा दारात उभी करत नाही. टेलर दुकान बंद ठेवून शाळेच्या फाटकापाशी येऊन उभा राहायचा. गळ्यातली मापाची टेप काढायचंही त्याला भान नसे. मावशी त्याला म्हणाली, “दादा, काळजी करू नका. मी पाहिलंय ना डोळ्यांनी. मी सांगते की.” टेलरने हात जोडले. मावशीला वाटलं, चला, निभावलं.

समिती वाचनालयाच्या खोलीत बसली होती. मधल्या खुर्चीवर अध्यक्ष, म्हणजे निवृत्त न्यायाधीश, एका बाजूला शाळेच्या मोठ्या बाई, दुसऱ्या बाजूला वरच्या ऑफिसचे साहेब, आणि कोपऱ्यात टाचणीचा डबा घेऊन हेडक्लार्क. टेबलावर शपथेचा धर्मग्रंथ. दाराच्या काचेतून मावशीला सर दिसत होते. त्यांनी ग्रंथावर हात ठेवला, पण ठेवण्याआधी शर्टाची बाही हळूच तळव्याखाली ओढून घेतली. मावशीने ते पाहिलं.

तिची पाळी आली. अध्यक्षांनी ग्रंथाकडे बोट केलं. मावशीने पिशवीतून सूट दिल्याचा कागद काढून पुढे ठेवला. सवयच ती. अध्यक्षांनी कागद दोनदा वाचला.

“ठीक आहे. तुम्हाला सक्ती नाही,” ते म्हणाले. “सांगा काय सांगायचं ते.”

मावशीने सांगितलं. जग कुठल्या हातात, बीकर कुठला, कोण कुठे उभं. हेडक्लार्कने सगळं टिपून घेतलं आणि वर शीर्षक घातलं, ‘माहिती’.

“माहिती कशाला? साक्ष लिहा की,” मावशी म्हणाली.

“शपथेशिवाय साक्ष धरता येत नाही, बाई,” अध्यक्ष म्हणाले. “नियमात शपथ एकच आहे.”

“मग मी माझ्या आईला स्मरून सांगते. माझ्या सव्वीस वर्षांच्या नोकरीला स्मरून सांगते.”

“तशी सोय नाही.”

“म्हणजे सरांचं खोटं साक्षीत जाणार आणि माझं खरं माहितीत?”

मोठ्या बाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. अध्यक्ष शांतपणे म्हणाले, “शपथ घ्यायची असेल तर उद्या अकरापर्यंत वेळ देतो. विचार करा.”

मावशी तिथून सरळ सरांना गाठायला गेली. ते जिन्याखाली, सायकलींच्या पलीकडे उभे होते, तोंड पांढरंफटक. ती म्हणाली, “सर, चूक माझ्या हातूनही झाली असती. कुणाच्याही हातून होते. पण पोरीचा जन्म जाईल हो. आत जाऊन सांगा, झालं गेलं. मी तुमच्या बाजूने उभी राहीन.”

 सर म्हणाले, “मावशी, मी ग्रंथावर हात ठेवलाय. आता बोलणं फिरवलं तर शपथ मोडल्यासारखं होईल. मला लहान मुलं आहेत. घरावर पाप नको.”

 हसावं की त्यांच्या थोबाडीत द्यावी, मावशीला कळेना. आणि सगळ्यात वाईट म्हणजे माणूस हे मनापासून बोलत होता.

घरी तिची थोरली बहीण होती. दोघी विधवा, दोन खोल्यांत एकत्र राहायच्या. ताई सकाळ-संध्याकाळ देवापुढे बसायची आणि शेवटी धाकटीसाठी एक जादा नमस्कार करायची, कारण म्हणे हिच्या वाटचा तरी कुणी करायला हवा. ताईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “घे की मग शपथ. एक वाक्य तर आहे.”

“ताई, आठ वर्षं...”

“आठ वर्षं गेली चुलीत. पोरीचं वाटोळं होतंय आणि तू तत्त्वाचं लोणचं घालून ठेवणार?”

“मी खोटी शपथ घेणार आणि खरं बोलणार. हे कसलं गं?”

“सर शपथ घेऊन खोटं बोलले, ते चाललं ना?” ताई म्हणाली. मग तिचा आवाज खाली आला. “देवाला राग आला तर मी बघून घेईन त्याच्याशी. माझं थोडंफार ऐकतो तो.”

मावशीला रडू आलं. ती मोरीपाशी जाऊन नळ सोडून उभी राहिली आणि वाक्य म्हणून बघायला लागली. ‘मी ईश्वराला स्मरून.’ पुढे जाईना. पुन्हा म्हणाली. पुन्हा तिथेच अडली. लाज वाटत होती, कुणाची ते कळत नव्हतं. पण ठमीचं तोंड डोळ्यांसमोर आलं आणि पाचव्या वेळी सगळं वाक्य बाहेर पडलं.

दुसऱ्या दिवशी साडेदहालाच ती वाचनालयाच्या दाराशी हजर. आत बोलावल्याबरोबर म्हणाली, “साहेब, मी शपथ घेते.” आणि उत्तराची वाट न बघता तिने ग्रंथावर तळवा टेकवला. बाही-बिही नाही, उघडा तळवा, आम्लाच्या डागांचा.

“थांबा,” ऑफिसचे साहेब म्हणाले. “यांच्या नावावर सूट आहे. ती आधी रद्द करावी लागेल. फाइल काढा.”

हेडक्लार्कने फाइल काढली. त्याच्या मनात काही पाप नव्हतं, फाइल मागितली तर तो फाइल देणारच. सूट रद्द करायची तर ती कशावरून दिली होती ते बघायला हवं, म्हणून अध्यक्षांनी मूळ अर्ज उघडला. वाचता वाचता त्यांच्या कपाळाला आठी पडली. मग त्यांनी एक ओळ मोठ्याने वाचली. “‘मी देवाची शपथ घेऊन काही बोलले, तर ते बोलणं खोटं ठरेल.’ ही सही तुमचीच ना, बाई?”

मावशीचा तळवा अजून ग्रंथावरच होता. “माझीच,” ती म्हणाली.

“मग आता तुम्ही शपथेवर जे सांगाल ते खोटं, असं तुम्हीच लिहून दिलेलं आहे. आम्ही ते साक्ष म्हणून कसं घ्यावं?”

“साहेब, तो अर्ज फाडून टाका. माझी सूट काढून घ्या. उद्यापासून मैदानात उभी राहते, रोज म्हणते, पहिल्या रांगेत उभी राहून मोठ्याने म्हणते. देव आहे असं लिहून देते. काय पाहिजे ते लिहून देते. पण माझं ऐका. त्या पोरीने काही केलेलं नाही.”

एवढं बोलून तिने हात जोडले. सव्वीस वर्षांत शाळेत कुणी मावशीला हात जोडताना पाहिलं नव्हतं. मोठ्या बाईंनी पदर डोळ्यांना लावला, पण बोलल्या नाहीत त्या नाहीतच.

अध्यक्ष काही राक्षस नव्हते. त्यांनी फाइल मिटली आणि अगदी सौम्यपणे म्हणाले, “बाई, तुमचा हक्क तुम्ही भांडून मिळवलाय. अशा परिस्थितीत तो सोडायला लावणं बरं दिसणार नाही. आम्ही तुमच्या मतांचा आदर करतो.”

एवढा आदर तिच्या वाट्याला आयुष्यात कधी आला नव्हता. तिला धरून बाहेर बाकावर बसवावं लागलं.

दुपारी टेलर आणि ठमी आत गेले. काय झालं ते मावशीला तासाभराने कळलं, तेही शिपायाकडून. समितीने टेलरला समजावलं होतं. पोरीने शपथेवर चूक कबूल केली तर नकळत झालेला अपराध म्हणून लाल शेरा टळेल. नाव इथून निघेल, पण दुसऱ्या केंद्रावर परीक्षेला बसता येईल. नाकारलं तर शपथेवरची साक्ष एकच आहे, सरांची. टेलर म्हणे मुलीच्या पायाशी बसला आणि म्हणाला, “म्हण बाळा. माझ्यासाठी म्हण.” आणि ठमीने ग्रंथावर हात ठेवून सांगितलं, की पाणी मी ओतलं.

ती साक्ष धरली गेली. त्यात काही खोट निघाली नाही.

चारच्या सुमाराला ठमी प्रयोगशाळेत आली. वर्ग सुटलेला, खोलीत दोघीच. तिने तिचा ॲप्रन आणि गॉगल ओट्यावर ठेवले. ॲप्रन धुऊन, इस्त्री करून आणला होता, टेलरचंच घर ते. मावशी पुढे झाली.

“परीक्षेला बसता येईल,” ठमी म्हणाली.

“हो गं. ते महत्त्वाचं. बाकी सगळं विसरायचं.”

“मावशी, मी त्याच्या नावाने खोटं बोलले.” तिचा आवाज अगदी सपाट होता. “मघाशी घरी जाऊन डोळे मिटले तर काही येईचना. काही दिसेना. रोज दिसायचं.”

 तो काळोख मावशीच्या ओळखीचा होता. तिला त्याची कधी भीती वाटली नव्हती, पण ही पोर त्यात एकटी कशी राहणार? सांगायला तिच्याजवळ खूप होतं. की कुणी बघत नाही, पाप लागत नाही, लागलंच तर ते समितीतल्या त्या तिघांना लागेल. पण त्यातलं एकही वाक्य या पोरीच्या कामाचं नव्हतं. मावशीने तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि जे आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं ते म्हणाली. ते म्हणताना तिचा आवाज अडखळलासुद्धा नाही.

“देवाला सगळं माहीत आहे, बाळा. तू काही केलं नाहीस हे त्याने पाहिलंय. तो तुझ्यावर रागावणार नाही.”

ठमीने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, माया होती, आणि तिनेच मावशीला जास्त लागलं.

“तुम्ही तर त्याला मानतच नाही, मावशी,” ती हळूच म्हणाली. “मग तुमचं सांगणं मी कसं धरू?”

तिने हात सोडवून घेतले, वाकून मावशीच्या पायांना हात लावला आणि बाहेर वाट बघत उभ्या असलेल्या वडिलांकडे निघून गेली.